सोळा व्होल्ट, कशावरून?

आमच्या शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांइतका संशयी माणूस त्या काळी सोलापुरात दुसरा नव्हता, आणि असता तर मास्तरांनी त्याच्यावरही संशय घेतला असता. गिरणीचा भोंगा झाला की सारं गाव घड्याळं लावायचं, मास्तर भोंगा ऐकून म्हणायचे, "वाजवणारा माणूसच की. त्याला डुलकी लागली नसेल कशावरून?" मग रस्त्यात तिघांना वेळ विचारून त्यांतली मधली ते खरी धरत. दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी त्यांच्याकडे होती, आणि ती नळी खोटं बोलत असेल म्हणून दुसरीही होती. ज्या दिवशी दोघींचं जमत नसे त्या दिवशी घरात कोरा चहा होई. बाहेरच्या खोलीला कुलूप लावून ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जात, परत येत, कुलूप ओढून पाहत आणि मग शाळेला निघत. मी त्याच गल्लीत राहत असल्यामुळे हा विधी मला रोज उन्हात उभं राहून पाहावा लागे. पण सगळ्यात अवघड काम म्हणजे त्यांच्या घरात शिरणं. कडी वाजवली की आतून आवाज यायचा, "कोण?" मी सांगायचो, "मी शास्त्री, संस्कृतचा." पाठोपाठ प्रश्न, "कशावरून?" पहिल्यांदा मी रागावून परत गेलो. दुसऱ्यांदा मी दाराबाहेर उभा राहून देव शब्द सातही विभक्त्यांत चालवून दाखवला, तेव्हा कुठे कडी निघाली. सप्तमीच्या बहुवचनापर्यंत ते आत कान लावून उभे होते, असं वहिनींनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

अशा माणसावर एकदा फार वाईट वेळ आली. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार, असं पत्र शाळेत आलं. वरच्या वर्गांना विजेचे प्रयोग करून दाखवायची धड सोय दिसली नाही तर सायन्सचा वर्ग बंद होणार होता, आणि वर्ग बंद म्हणजे मास्तरांची नोकरीही बंद. तोवर आमची सारी वीज दोन जुन्या बॅटऱ्यांत होती, आणि नेमक्या प्रयोगाच्या तासाला त्या माना टाकत. हवे तेवढे व्होल्ट कमीजास्त करून देणारं यंत्र मुंबईला मिळत होतं, पण त्याची किंमत ऐकून हेडमास्तर खुर्चीत मागे टेकले ते बराच वेळ पुढे आले नाहीत. मास्तर म्हणाले, "विकतचं नकोच. पेटीवर बारा लिहिलंय म्हणून आत बाराच आहेत, कशावरून? मीच करतो." हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मास्तरांच्या हाताला यश येवो, एवढंच मी मनात म्हटलं, कारण पंचावन्नाव्या वर्षी त्यांना दुसऱ्या कुठल्या शाळेनं विचारलं नसतं.

विजेवर रामरक्षेपलीकडे उपाय ठाऊक नसलेल्या मला त्यांनी ते यंत्र चारदा समजावून सांगितलं, म्हणून आजही सांगता येतं. भिंतीतली वीज जबर असते; तांब्याच्या तारेच्या दोन वेटोळ्यांतून नेली की ती मवाळ होते. आतल्या वेटोळ्याला बाराशे वेढे आणि बाहेरच्याला एकशेवीस. बाहेरच्यातून दर दहा वेढ्यांनी एक फाटा काढून पितळी खिळ्याला जोडायचा; असे बारा खिळे अर्धगोलात, आणि त्यांच्यावरून कटकट करत फिरणारा एक पितळी दांडा. दांडा एक खिळा पुढे गेला की दोन व्होल्ट वाढले. पुन्हा ही वीज मागेपुढे धावणारी, तिला एकाच दिशेला चालायला लावण्यासाठी टाकणखाराच्या पाण्यानं भरलेल्या चार बरण्या, आणि प्रत्येकीत एक शिशाची नि एक ॲल्युमिनियमची पट्टी. ॲल्युमिनियम जेवणाच्या जुन्या डब्यातून कापलं. बरण्या वहिनींच्या लोणच्याच्या होत्या. त्या वर्षी त्यांच्याकडे लोणचं झालं नाही, आणि ते का झालं नाही हे गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं असं झालं नाही.

सारा खेळ वेढ्यांच्या मोजणीवर होता. एक वेढा चुकला तर पुढचं सगळं चुकणार. आणि बाराशे वेढे सारखे, घट्ट, एकावर एक न चढता बसवायला मास्तरांचा हात पुरेना. शेवटी पूर्व भागातल्या एका विणकराच्या घरी आम्ही दोघं गेलो. घरातली म्हातारी अक्का तेलुगू बोलणारी. जन्मभर रहाटावर सुताच्या कांड्या भरत आलेली. तिनं तार बोटात धरून पाहिली आणि म्हणाली, "सूतच हाय की हे. जरा ताठ हाय, यवढंच." आणि रहाट फिरवायला लागली, तोंडानं मोजत, "ओकटि, रेंडु, मूडु..."

मास्तरांचा चेहरा पडला. तेलुगूतल्या मोजणीवर संशय कसा घ्यायचा, हे त्यांना कळेना. पण ते तयारीनं आले होते. घरून त्यांनी भाजलेल्या चिंचोक्यांची पुरचुंडी आणली होती. दहा वेढे झाले की एक चिंचोका डाव्या वाटीतून उजव्या वाटीत. अक्का थांबली तेव्हा म्हणाली, "बाराशे झालं." मास्तरांनी उजवी वाटी मोजली. एकशे अकरा चिंचोके. म्हणजे अकराशे दहा.

"नव्वद कमी आहेत, अक्का."

"न्हाईत. बाराशे हाईत."

"कशावरून?"

 अक्कानं रहाट उलटा फिरवून सगळी तार काढली आणि पहिल्यापासून पुन्हा भरायला घेतली. माझी मांडी अवघडून गेली होती. या खेपेलाही ती बाराशेवर थांबली, आणि मास्तरांच्या वाटीत निघाले एकशे चौदा. "बघा," मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन खेपांना दोन आकडे. म्हणजे हिची मोजणी पक्की नाही." तेव्हा अक्कानं पदरानं घाम पुसला आणि शांतपणे सांगितलं, "मास्तर, पयल्यांदा नऊ चिंचोके खाल्ले तुमी. आत्ता सहा खाल्ले. मी बगत हुते की."

मास्तरांच्या गालात तेव्हाही एक चिंचोका होता. तो चावावा की बाहेर काढावा, हे त्यांना ठरवता येईना. मला इतकं हसू आलं की मी उठून अंगणात गेलो. परत आलो तेव्हा मास्तर अक्कासमोर मांडी घालून तेलुगू आकडे शिकत होते. बाहेरचे एकशेवीस वेढे भरले तेव्हा चिंचोके नव्हते. दोघंही तोंडानं मोजत होते, ती पुढे आणि हे मागे. "माफ करा अक्का," असं काही मास्तर म्हणाले नाहीत. पण निघताना उरलेले चिंचोके त्यांनी तिच्यापुढे ठेवले.

मग महिनाभर यंत्राची परीक्षा चालली. मीटरवर मास्तरांचा भरवसा नव्हता, म्हणून ते दोन तारा जिभेला लावून व्होल्ट सांगत. दहापर्यंत त्यांची जीभ नेमकी होती. त्यावर ते जात नसत, कारण एकदा बारावर जाऊन त्यांनी दिवसभर वर्गात बोबडं शिकवलं होतं. या सवयीमुळे घरी आमटी चाखून ते "साडेचार" म्हणू लागले, तेव्हा वहिनींनी डाव खाली ठेवला. चळवळीच्या त्या दिवसांत पोलिसांना तारेचा तुकडा दिसला तरी बाँबचा वास यायचा. कोणीतरी चुगली केली आणि साध्या वेशातला एक हवालदार आला. "मास्तर, ह्या बरण्यांत काय हाय?" मास्तर म्हणाले, "ते सांगतो. तुम्ही पोलीस आहात, कशावरून?" त्यानं बिल्ला दाखवला. "बिल्ला चोरीचा नाही, कशावरून?" बिचारा ठाण्यावर जाऊन चिठ्ठी घेऊन आला. मास्तरांनी तिचा शिक्का उजेडात धरून, अगदी नाकाला लावून पाहिला आणि मगच त्याच्या जिभेला दोन व्होल्ट लावले. "आयला, खारट लागतंय की!" असं ओरडून तो गेला. संशयास्पद काही आढळलं नाही, मालक सोडून, असा रिपोर्ट त्यानं दिला म्हणतात.

नाकाला लावून पाहण्याची ही गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली नाही. मीटरपाशीही ते तसेच वाकत आणि म्हणत, "काच मळलीय." मी काच पुसून देई आणि काटा वाचून सांगू का म्हणून विचारी. "नको. तुम्ही संस्कृतवाले, एका ओळीचे चार अर्थ काढता."

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब आले ते मास्तरांच्याच जातकुळीचे निघाले. सहा व्होल्ट पाहिले, दहा पाहिले, दिवा लागला, चुंबक उचललं गेलं. साहेब हसले आणि म्हणाले, "शाळा ठरावीक आकडे घोकून ठेवतात, हे मला ठाऊक आहे. सोळा द्या."

सोळा म्हणजे जिभेच्या पलीकडचा आकडा. मास्तर मीटरवर वाकले. पुन्हा वाकले. या वेळी काच मळलीय असंही ते म्हणाले नाहीत. हेडमास्तर हातातला रुमाल पिळत होते. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या माणसाला काटा दिसतच नाही. कित्येक दिवस दिसत नसावा, आणि ते कोणाला कळलं तर वर्ग राहील पण मास्तर राहणार नाहीत. मला पुढे होऊन वाचून सांगावंसं वाटलं, पण तेवढ्यानंच ते उघडं पडलं असतं.

मास्तर ताठ उभे राहिले. त्यांनी दांडा पार मागे नेला, डोळे मिटले आणि बोटांनी तो पुढे सरकवू लागले. प्रत्येक 'कट्'ला ओठ हलत होते. "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि." मग हात काढून घेतला आणि म्हणाले, "सोळा."

"मीटर न पाहताच?" साहेबांनी विचारलं. "कशावरून?"

तो प्रश्न मास्तरांना कोणी विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. ते म्हणाले, "मोजणारं माणूस खात्रीचं होतं."

साहेब स्वतः वाकले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. काटा सोळावर होता. वर्ग राहिला, मास्तरही राहिले. संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन अक्काकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "सोळा न्हाय तर किती येनार हुतं?" आणि पुन्हा रहाटाकडे वळली.

मास्तर पुढे चार वर्षं शिकवत राहिले. मीटर वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी आकडा सांगायचो आणि ते तो फळ्यावर लिहायचे, निमूटपणे. हे गुपित आम्हा दोघांतच राहिलं. पुढे ते निवृत्त झाले आणि डोळे पुरतेच गेले. आता शाळेत विकतचं यंत्र आहे, आणि मास्तरांची पेटी कपाटात मागे पडली आहे.

मास्तर वारले त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सवयीनं विभक्त्या मनाशी जुळवत कडी वाजवली. आतून आवाज आला, "या शास्त्रीबुवा, दार उघडंच आहे." मी तसाच बाहेर उभा राहिलो. त्यांनी एकदा तरी "कशावरून?" म्हणून विचारावं, असं मला फार वाटत होतं.