लंकाबाईचं न थांबणारं रक्त

१९८१ साली निवृत्ती पगारे नाशिकच्या एका इस्पितळात रक्त तपासायचे. पंचवटीतून सायकलनं यायचे, कमी बोलायचे. शंका आली की तीच तपासणी पुन्हा करायची, ही त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक होती.

त्या वर्षी हरसूलकडची लंकाबाई दाखल झाली. वय चोवीस, मूलबाळ नाही. पाळी आली की पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचं. औषधांनी गुण येईना, म्हणून सर्जननी गर्भाशय काढायचं ठरवलं होतं.

ऑपरेशनच्या आधी पगाऱ्यांनी रक्त तपासलं. नळीतलं रक्त वेळेत गोठलं. मग कानाच्या पाळीला बारीक टोचून ते दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावू लागले. एरवी चार-पाच मिनिटांत ठिपके बारीक होत थांबतात. इथं पंधरा मिनिटं झाली तरी ठिपका तेवढाच. आपणच खोल टोचलं असेल, असं वाटून त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरा कान टोचला. तेच. प्लेटलेट मोजल्या, त्या पुरेशा होत्या.

पगारे वॉर्डात गेले आणि तिच्या आईशी, नवसाबाईशी बोलत बसले. घरात आणखी कुणाला असं होतं का, म्हणून विचारलं.

"हिच्या बापाचं नाक फुटलं की थांबायचं नाय," नवसाबाई म्हणाली. "आत्याचंबी तसंच. देवाचा कोप म्हनत्यात."

हिमोफिलिया हा रक्त न गोठण्याचा आजार बहुतेक पुरुषांना छळतो आणि त्यात टोचल्याजागचं रक्त सहसा वेळेत थांबतं, हे पगाऱ्यांना माहीत होतं. इथं बाया-पुरुष दोघंही होते. ते सर्जनांकडे गेले. सर्जन म्हणाले, गोठण्याची वेळ तर बरोबर आहे.

"ती बरोबर आहे, साहेब. पण टोचल्याजागचं रक्त थांबत नाही. उद्या पोट उघडू नका."

पगाऱ्यांनी पुढं केलेले टिपकागद सर्जननी एकेक करून पाहिले आणि ऑपरेशन पुढं ढकललं. लंकाबाईला मुंबईला पाठवलं. तिथल्या तपासणीत व्हॉन विलब्रँड नावाचा आनुवंशिक आजार निघाला. त्या आजारावरच्या गोळ्यांनी तिची पाळी आटोक्यात आली, गर्भाशय राहिलं.

चार वर्षांनी ती त्याच इस्पितळात बाळंत झाली. आधीच मागवून ठेवलेला प्लाझ्मा लागला, पण रक्त थांबलं. मुलगी झाली. पगारे वॉर्डात भेटायला गेले, तेव्हा लंकाबाईनं शेजारी बसलेल्या भावाला पुढं केलं.

"याची दाढ काढायची हाय," ती म्हणाली. "आधी याचा कान टोचा."