खाडीच्या हिशेबाने

नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात आम्ही समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून एक रात्र काढली. ही कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आम्ही तेव्हा रोह्याला राहायचो. नवरा धाटावच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम बघायचा. सहा वर्षांच्या लेकीला मोकळी हवा मिळावी म्हणून त्याने बेत आखला आणि पेणहून माझ्या वडिलांनाही सोबत घेतलं. वडिलांचा सारा जन्म धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात गेलेला. म्हणजे एकाच सहलीत सुरक्षिततेचे दोन मुखत्यार.

वडखळ नाक्यावर जीप वळते न वळते तोच दोघांची जुंपली. नवऱ्याने शिट्टी आणली होती, दोर आणला होता आणि पाण्यात कुणी कुठवर जायचं याचा एक कागदही लिहून आणला होता. वडील म्हणाले, पाण्याला वाचता येत नाही. मी दोघांच्या मधे भाकरीचा डबा मांडीवर धरून बसले होते आणि दर वळणाला आपण का आलो असं मनात म्हणत होते.

पोचल्यावर सुरूच्या झाडांत ताडपत्रीचा तंबू ठोकला. मग नवऱ्याने आम्हा तिघांना ओळीत उभं केलं. शिट्टी वाजली की सगळं टाकून या झाडाखाली जमायचं. दोनदा सराव झाला. लेकीला हा खेळ फार आवडला. तिसऱ्यांदा त्याने शिट्टी तोंडाला लावली तेव्हा मी सरळ स्टोव्ह पेटवायला निघून गेले.

किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात खडक होते आणि वाळू नि खडकांच्या मधे एक घळ. ओहोटीला ती कोरडी पडायची. वडिलांनी बोटांवर तिथी मोजली. मिठागरात पाणी घ्यायचं ते भरती बघून, आणि भरती ठरते तिथीवर. घड्याळाकडे न बघता त्यांनी चाळीस वर्षं बांधाची दारं उघडली होती. "आज बारस. सहाच्या आत घळीत पानी चढत नाय," ते म्हणाले आणि साडेतीनला लेकीला घेऊन खडकावर कालवं काढायला गेले. नवऱ्याने कागद बघितला. त्यात खडकांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याची हरकत नव्हती. मी वडिलांना विचारलं होतं, नक्की सहा ना? ते नुसते हसले. मी गप्प बसले, त्याचा मला अजून राग येतो.

पाच वाजता चहाला बोलवायला गेले तर घळ भरलेली. दोघं समुद्राकडे तोंड करून बसलेली, पाठीमागे काय झालंय याचा पत्ता नाही. मी ओरडले, पण वाऱ्यात ऐकू गेलं नाही. नवऱ्याने शिट्टी फुंकली. ती मात्र ऐकू गेली. माझी लेक शहाण्यासारखी उठली आणि झाडाखाली जमायला निघाली, सरळ पाण्यात.

वडिलांनी तिची वेणी धरून तिला मागे ओढलं आणि खांद्यावर घेतलं. मी कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यातून त्यांच्यापर्यंत गेले. दोराचं दुसरं टोक नवऱ्याने धरलं होतं. आम्ही तिघं कशीबशी वाळूला लागलो.

मग मी दोघांनाही सोडलं नाही. तोंडाला येईल ते बोलले. नवरा ओला दोर गुंडाळायला लागला. वडील म्हणाले, "माझा हिशेब खाडीचा हाय गो बाय. पानी हितं आधी लागतं, मंग आमच्याकडं पोचतं." शेंबड्या पोराला कळावी अशी गोष्ट. पण त्यांनी जन्मात दुसऱ्या ठिकाणचं पाणी मोजलंच नव्हतं.

सकाळी लेकीने पुन्हा पाण्यात जायचा हट्ट धरला. टोपली घेऊन एक कोळीण चालली होती. वडील उठले, तिला गाठलं आणि विचारलं, "हितं पानी कवा भरतं गो?" ती हसून सांगून गेली. परत येऊन त्यांनी ती वेळ मला सांगितली. मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा सांगितली, आणि पोरीला नेऊ का, असं विचारलं. त्यांना आणखी काय काय सुनावायचं ते मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्यसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.