शनिवारी बंद पडणारी गाडी

लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणंच सोडलं, त्याला मी काय करणार? वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या माझ्या दुकानात एकेकाळी सेट ठेवायला जागा नसायची. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांतच तिथे मी आणि धूळ, एवढेच उरलो. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली बाई दिवसभर माशा मारत बसायची. घरचे म्हणायचे, शाळेत शिपायाची जागा निघाली आहे, अर्ज कर. मी त्यांच्यावर खेकसायची. माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

अशात वर्ध्याच्या एका जुन्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला बोलावलं. नुसता आवाज ऐकून इंजिनचा रोग सांगणारा माणूस. पण गाड्यांत कॉम्प्युटर आल्यापासून त्यांचंही डोकं चालेनासं झालं होतं. एका कापडवाल्या शेठजींची नवीकोरी डिझेल गाडी त्यांच्याकडे तीन दिवस मेल्यागत पडून होती. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. नागपूरहून आलेल्या एकाने स्कॅनर लावला, तर गाडीतला एकही कॉम्प्युटर त्याला उत्तर देईना. इंजिनचा कॉम्प्युटर गेला, उद्या नवा पाठवतो, असं सांगून तो परत गेला.

"पाह्य बाई," मिस्त्री मला म्हणाले, "तुह्यानं होत असंन त हात लाव. झालं त उद्यापासून इथंच टेबल टाकून देतो. गाड्याईचं लाइटचं सारं काम तुह्यं. नाई झालं त..."

नाही झालं तर शाळेतलं स्टूल आणि घंटा, हे मला न सांगताही कळत होतं.

शेठजी नाराजच होते. मिस्त्रींना म्हणाले, "काकाजी, हे गाडी हाये. टीव्ही नोहे."

"शेठजी," मी म्हटलं, "तुमच्या गाडीत आता टीव्हीवाले पार्ट टीव्हीहून जास्त हायेत." आणि बॉनेट उघडलं.

अशा गाडीत कॉम्प्युटर एकच नसतो. इंजिनचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, डॅशबोर्डचा वेगळा. पीळ घातलेल्या दोन बारीक तारांवरून ते सगळे एकमेकांशी बोलतात. त्या तारांवर मीटरने किती दाखवायला हवं, हे सांगणारं पुस्तक माझ्याकडे नव्हतं. पण टीव्हीच्या धंद्यातली एक सवय होती: बिघडलेल्या सेटशेजारी तसाच चांगला सेट ठेवायचा आणि दोन्ही मोजायचे. सेवाग्रामच्या एका डॉक्टरांकडे अगदी तीच गाडी होती. मिस्त्रींनी फोन करून ती मागवली. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मीटर लावला, साठ ओहम आले. शेठजींच्या गाडीत लावला, जवळपास शून्य. म्हणजे दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या होत्या. कदाचित एखाद्या कॉम्प्युटरच्या आतच चिकटल्या असतील, म्हणून मी एकेकाचा कनेक्टर काढत गेले. इंजिनचाही काढला. सगळे काढले तरी शून्यच! मी उडी मारायचीच बाकी होते. बिघाड तारेत होता. कॉम्प्युटर बिचारा उगाच बदनाम झाला होता.

पण तारेत नेमका कुठे? ती बॉनेटमधून डॅशबोर्डखाली जाते, तिथून सीटखाली. अर्धी गाडी सोलावी लागली असती. सीट काढायचं नाव घेताच शेठजींनी हात जोडले. "राहू द्या बाई. उद्या नवा कॉम्प्युटर येऊन राह्यला." मिस्त्रीही जमिनीकडे बघत उभे. इतकं जवळ येऊन परत जायचं? मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. तो मी ड्रायव्हरवर काढला.

"हे गाडी बंद कधी पडते, सांग बरं नीट!"

"शनिवारीच पडते, ताई," तो बिचकत म्हणाला. "दोनदा पडली, थ्या वक्ती ढकलली त लागली चालाले. यावेळी नाई लागली."

"साडेसाती हाये गाडीले!" मिस्त्री म्हणाले आणि सगळे हसले. मी नाही हसले. तारेला वार कळत नाही. शनिवारी कुणीतरी तिला काहीतरी करत असणार.

"शनिवारी तू काय करतो गाडीचं?"

त्याने शेठजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी शेठजींना चहा घ्यायला पिटाळलं. मग तो हळूच बोलला. "दर शनिवारी शेठजीची माँजी नवी लिंबू-मिरची बांधाले लावते. शेठजी म्हणते, नव्या गाडीले समोर बरं नाई दिसत. म्हणून मी अंदर बांधतो, बॅटरीच्या मांगं. शेठजीले नका सांगजा, ताई."

बॅटरीमागे हात घातला. काळ्या पट्टीत गुंडाळलेल्या तारांच्या जुडग्यात एक लोखंडी तार आरपार खुपसलेली होती, आणि तिला लिंबू लटकत होतं. मी सगळे कनेक्टर परत बसवले, मीटर लावला आणि तार ओढून काढली.

साठ!

मी अशी ओरडले की समोरचा पानठेलेवाला रस्ता ओलांडून बघायला आला. टोचलेल्या दोन्ही तारांना वेगवेगळी टेप गुंडाळली, बॅटरी जोडली, चावी फिरवली. अर्ध्या सेल्फमध्ये गाडी सुरू. इतका आनंद मला आयटीआयचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

शेठजी धावत आले. "काय झालतं?"

"तार सोललेली होती," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या शनिवारी डिक्कीत बांध, आणि सुती दोऱ्याने बांध.

तेवढ्यात मिस्त्रींनी नागपूरला फोन लावला. "थो कॉम्प्युटर पाठवू नका. गाडी चालू झाली." पलीकडून कुणी केली म्हणून विचारलं असावं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या गॅरेजातल्या बाईनं केली," ते म्हणाले. मग पलीकडचं ऐकून, मोठ्याने, "हो हो, आमच्याच."