झाकलेला आकडा आणि मुक्ताईनगरचं भरीत

हिवाळ्यात खानदेशात लोक भरीत खायला जातात. मी न्यूट्रॉनचा आकडा उघडायला गेले.

न्यूट्रॉन एकटा पडला की काही मिनिटांत मोडतो. किती लवकर, हे ठरवणारा एक आकडा आमचा गट महासंगणकावर काढत होता. प्रयोगांनी तो आधीच मोजलाय. म्हणून आमच्याकडे झाकण्याची शिस्त आहे: मन ओळखीच्या उत्तराकडे ओढलं जाऊ नये, यासाठी एकीने सगळे निकाल गुप्त संख्येने गुणून ठेवायचे. उघडल्यावर निघेल तेच छापायचं. ती संख्या गटातल्या सायराला ठाऊक, आणि सायरा सुट्टीत घरी, मुक्ताईनगरला. उत्तर जुळणार याची मला इतकी खात्री, की पुण्याहून पेढे घेऊनच निघाले.

रेल्वेने जळगाव गाठा. वाटेत चाळीसगावला चहा घ्या, बरा असतो. पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता झकास, दुतर्फा केळी. सायरा स्टँडवर होती. तिच्या अब्बांचे दोस्त नाना यांच्या मळ्यातच भरिताचा बेत होता.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी तडतडत होती. "नाना, ही तुमची केळी कशी आखीव अंतरावर, तशी आम्ही जागेची आणि काळाची जाळी मांडतो. तिच्यावर हिशेब करतो," मी ऐटीत सांगितलं.

"पन उत्तर माहीत हाये त मोजता कायले?"

"आमची रीत खरी का, ते कळायला."

सायराने लॅपटॉपवर संख्या घातली. आकडा आला. कमी. हिशेबातली संभाव्य चूक धरूनही प्रयोगापेक्षा कमीच.

कारण लगेच सुचलं. जाळीवर न्यूट्रॉन मांडला की तो आधी खवळलेला असतो, शांत व्हायला वेळ द्यावा लागतो. आम्ही लवकर मोजलं होतं, वांगं कच्चंच सोललं होतं. "सुरुवातीची मोजमापं वगळू या. जुळेल बघ," माझा हात कीबोर्डवर गेला.

सायराने झाकण मिटलं. "हेच मघाशी, उघडायच्या आधी सुचलं असतं तर वगळलं असतं."

मला तिचा भयंकर राग आला. ती बरोबर होती, म्हणून जास्तच. नानांनी केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वाढल्या. रागातही मी तीनदा घेतलं. शेवटी पेढे नानांनीच वाटले.

पुण्याला येऊन आम्ही तो कमी आकडा तसाच छापायला पाठवला, कारणासकट. आता जास्त थांबून मोजणारा नवा हिशेब सुरू झालाय. जुळेलच, मला खात्री आहे. सायराने नवी गुप्त संख्या ठरवलीय. तिचं टेबल माझ्या शेजारीच आहे, आणि मी ती संख्या अजून विचारलेली नाही.