पुंगळीतला मोर

लग्न ठरलेल्या नातीनं आज पोफळीची ओली विरी, झावळीच्या बुडाची ती रुंद साल, अंगणात आणली आणि त्या वासानं मी माझ्या लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले.

आमच्याकडं नवरीनं विरीचा विंझणा कापून रंगवायचा आणि जेवताना नवऱ्याला त्यानं वारा घालायचा. काव आणि चुन्यानं मी हौसेनं मोर काढला. पण विरी पाट्याखाली दाबून वाळवायची असते, तेच घाईत विसरले. पंगतीपर्यंत विंझण्याची पुंगळी झाली आणि मोर आत गेला.

"चित्र कुठं हाय गं ह्यात?" सासूबाईंनी विचारलं.

घास हातात धरून हे वाकले, पुंगळीत डोकावले.

"हाय की आई. माझ्यापुरताच काढलाय तिनं."

नातीला पाट्याचं सांगायचं मी मुद्दाम विसरले.