बाण लावा, बाबा

शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला सगळे रिजेक्टकाका म्हणत. तेही तोंडावर, आणि काकांना त्यात मान वाटे. आता बोला! शर्ट उजेडात धरायचा, कॉलर उलटायची, काजं बघायची आणि एखादा टाका वाकडा दिसला की तिथे लाल बाणाचं स्टिकर चिकटवून म्हणायचं, "रिजेक्ट." बाण मात्र लावायलाच हवा. बाण न लावता रिजेक्ट केलेला शर्ट शिवणारे कामगार परत काकांच्याच टेबलावर आणून आपटत. दोष दाखवता येत नसेल तर तो दोषच नाही, असा तिथला कायदा होता.

घरी हा कायदा चालत नसे. पडदे रिजेक्ट, मेव्हण्याचा फोन रिजेक्ट, शेजाऱ्यांचं हसणंसुद्धा रिजेक्ट. नको, आवडलं नाही, मला आधी का विचारलं नाही, आज गुडघा दुखतोय, या सगळ्याला काकांकडे शब्द एकच. देवाने एवढी लांब जीभ दिली, पण वापरायचे कष्ट कोण घेणार? संध्याकाळी मुलगी चहा करायची. तो रोज रिजेक्ट व्हायचा आणि रोज कप रिकामा परत यायचा.

मुलीच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा तर काकांना चेवच चढला. एक मुलगा बोलका म्हणून रिजेक्ट, दुसरा गप्प म्हणून. शेवटी मुलीनेच लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण पसंत केला आणि त्याला घरी घेऊन आली. त्याची बदली लांबच्या शहरात झाली होती, लग्न करून दोघं तिकडेच राहणार होती. काकांनी त्याला खिडकीपाशी, उजेडात बसवलं. कॉलर तेवढी उलटून बघितली नाही, हे उपकारच. मग त्याच्या समोरच म्हणाले, "रिजेक्ट."

मुलगी उठली. काकांच्या पिशवीतली स्टिकरची गुंडाळी काढून तिने त्यांच्या हातात ठेवली.

"बाण लावा, बाबा. दोष कुठे आहे ते दाखवा, मी आत्ता त्याला नाही म्हणते."

काकांनी एक बाण सोडवला. मुलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तो निमूट बसून होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या शिव्या खाऊन त्याची तेवढी तयारी झालेली होती. बाण काकांच्या अंगठ्यालाच चिकटून राहिला.

"अहो, लावा की," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा आमच्या बाबांकडे ही गुंडाळी नव्हती. असती तर एक पुरली नसती."

कधी नव्हे तो काकांना दुसरा शब्द सापडला.

"लांब नेतोय हा तुला."

"तो त्याचा दोष नाही, बाबा."

"मग संध्याकाळी मी चहा कुणाचा रिजेक्ट करायचा?"

मुलीने त्यांच्या अंगठ्यावरचा बाण हळूच काढला आणि चहा टाकायला आत गेली. कप आले. काकांनी एक घोट घेतला. घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"साखर कमी आहे," काका मुलाला म्हणाले. "ही कायम कमीच घालते. तिकडे गेल्यावर निमूट प्यायचा."