टँकरच्या तोंडावरचं फडकं

चहा घ्या, पण कप खाली ठेवून ऐका. मागे हाच किस्सा ऐकताना आमच्या मेहुण्याला भर पंगतीत असा ठसका लागला, की आमटी समोरच्या व्याह्याच्या धोतरावर! आणि हसायला काही दुसऱ्याची फजिती नाही बरं का. माझीच आहे, अगदी वाजतगाजत झालेली.

लातूरला माझं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. कुठलाही डिझेल ट्रक तापला, की ड्रायव्हर थेट माझ्याकडे. नुसत्या उकळीच्या आवाजावरून मी सांगायचो, फॅनचा पट्टा ढिला झालाय, की पंप गेलाय, की रेडिएटरच्या नळ्यांत गंज बसलाय. लोक तोंडात बोटं घालायचे. मी कॉलर ताठ करायचो. कॉलर नसलेल्या बंडीचीसुद्धा!

तेव्हा उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. आणि नव्या जिल्ह्याच्या स्वागताला कोण हजर? दुष्काळ! विहिरींचे तळ दिसायला लागले. देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवर एक गाव होतं. तिथे नव्या जिल्ह्याचा पहिला पाण्याचा टँकर जाणार होता. गाडी गफ्फारभाई ड्रायव्हरची. एवढ्या मोठ्या गाडीबरोबर मिस्त्री असावा म्हणून मीही केबिनमध्ये चढलो.

टँकर पाठवणाऱ्या सरकारी साहेबांना कार्यक्रमाची फार हौस. टँकरच्या झाकणाला कुलूप, नळाला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या खिशात. जीपने ते आधीच पुढे गेलेले. गावात बँड लागणार, साहेब कुलूप काढणार, मगच पाणी.

मग मी कसा मागे राहीन? रात्रभर जागून मी एक जाडजूड कापडी फलक रंगवला. तेलरंगात, ठसठशीत: ‘नवा जिल्हा, नवं पाणी’. तो ट्रकच्या तोंडावर लावला, आणि वाऱ्याने फडफडू नये म्हणून चारी कोपरे तारेने असे आवळले, की मुंगीला आत शिरायला जागा नाही. वरून झेंडूचे हार. काय रूप आलं होतं म्हणता!

उदगीर सोडलं आणि गफ्फारभाई म्हणाला, “मिस्त्री, गरमीचा काटा चढून राहिला ना!”

“ऊन आहे,” मी म्हणालो. “चढणारच.”

थोडं पुढे गेलो, तर म्हणतो, “अरे बाप, काटा लाल में गया!”

गाडी उभी केली. मी बाजूने बॉनेट उचललं. पट्टा दाबून पाहिला, ताठ. पंप चांगला. नळ्या मीच गेल्या आठवड्यात साफ केलेल्या. मग राहिलं काय? काहीच नाही! मी हार सरळ केला, फलकाची एक तार ढिली वाटली ती पुन्हा पिळली, आणि म्हणालो, “चल.”

पुन्हा तापली. पुन्हा थांबलो. पुन्हा मी सगळं तपासलं आणि पुन्हा तार पिळली. आहे की नाही कमाल? शेवटी एका वाडीच्या तोंडाशी इंजिनाने अशी धाप टाकली, की गफ्फारभाईने गाडी बंदच केली.

“पाणी कमी पडलंय,” मी निकाल दिला.

“पीछे पूरा टँकर हाय!”

“कुलूप कोणाच्या बापाचं?”

बघा मजा! पाठीवर हजारो लिटर पाणी, आणि गाडी तहानेने मरतेय. तिकडे गावात बँड तयार, बायका रिकाम्या घागरी घेऊन सकाळपासून उन्हात बसलेल्या. मला घाई. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे मी शंभर ड्रायव्हरांना दरडावून सांगितलेलं. तरी पोतं टाकलं आणि झाकण फिरवलं.

फस्सकन! माणसाच्या दुप्पट उंच कारंजं! मी मागे उडालो तो थेट बाभळीत. वाडीतली माणसं धावत आली आणि जागच्या जागी थबकली. आकाशात पाणी उडतंय हे त्यांनी कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले, “महादेवा!” म्हणाला. आणि दोन बायका घागरी घेऊन त्या पाण्याखाली धरायला निघाल्या. गंजाचं, उकळतं पाणी हो! मी बाभळीतून ओरडलो म्हणून थांबल्या.

त्यांच्यातली एक सुंदराअक्का. उंच, सावळी, आवाज खणखणीत. तिने विचारलं, “काय झालं जी गाडीला?”

“पाणी संपलं, अक्का.”

“अन् ह्या पाठीवरल्या ढोलात?”

“ते पुढच्या गावचं. किल्ली साहेबाकडे.”

“तिथं लई हाल हायेत म्हने.”

“हाव. तुमच्याइतकेच.”

ती मागे वळून म्हणाली, “आना गं घरातलं.”

आता काय सांगू तुम्हाला! त्या वाडीतल्या बायका विहिरीत उतरून वाटीने पाणी खरवडायच्या. तसं साठवलेलं पाणी त्या घेऊन आल्या. कुणी कळशी, कुणी तांब्या, कुणी झाकणाचा डबा. अक्काने तर पितळेची घागरच आणली. एकीनेही विचारलं नाही, की आमचं काय? एका वाडीची तहान दुसऱ्या गावाच्या तहानेला वाट करून देत होती, आणि मी फनेल धरून उभा. आजही आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. मोठमोठी इंजिनं पाहिली मी, पण एवढी ताकद कशात पाहिली नाही.

इंजिन निवलं. पाणी भरलं. सुरू केलं. गफ्फारभाई काट्याकडे बघून बोलला, “मिस्त्री, फिर चढून राहिला.”

अक्काच्या घागरीत थोडंसंच उरलेलं. ती पुढे येऊन फलकाकडे बघत म्हणाली, “ह्याच्यावर काय लिवलंय?”

मी जरा अभिमानाने वाचलं, “नवा जिल्हा, नवं पाणी.”

“पानी तर आमीच देऊन राहिलो,” ती म्हणाली. “मग हे फडकं तरी ठेवून जावा. पानी गाळायला हुईल. लई जाड हाय.”

असल्या माणसाला नाही कोण म्हणेल? मी तारा सोडल्या. पण फलक निघेना! चारी कोपरे मोकळे, तरी ट्रकच्या तोंडाला घट्ट चिकटलेला. अक्काने आणि मी दोघांनी मिळून ओढला, तेव्हा कुठे फर्र करून सुटला, आणि रेडिएटरमध्ये असा वारा शिरला की माझी टोपी जाळीला जाऊन चिकटली.

“मिस्त्री! काटा उतर रहा!”

मी छाती फुगवली. “बघ! म्हणालो नव्हतो? पाणीच कमी होतं.”

गफ्फारभाई खाली उतरला. त्याने टोपीकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो रस्त्यावर बसकण मारून हसायला लागला.

आणि मला कळलं. पंख्याला पुढून ओढायला वाराच नाही, तर रेडिएटर निवणार कसा? गाडीचं नाक मीच दाबून धरलं होतं, आणि दर थांब्याला आणखी पिळत होतो! त्या बायकांचं पाणी तर उगाच गेलं.

अक्काने विचारलं, “हे का हसून राहिले?”

गफ्फारभाईने सांगून टाकलं. मला वाटलं, आता घागर डोक्यात बसते. अक्का हसलीच नाही. म्हणाली, “तोंडावर फडकं बांधून मानूस तरी चालंल का जी?”

पुढच्या गावात बँड वाजला, साहेबांनी कुलूप काढलं, माझ्या गळ्यात हार पडला. मी तोंड मिटून होतो. पण गफ्फारभाई? त्याने माईक हातात घेतला! सगळं सांगितलं, अगदी टोपीसकट. मांडव हसून हसून लोळला. आणि हसू ओसरल्यावर तिथले सरपंच उठले, डोळे पुसत म्हणाले, “आमच्या घागरी भरल्या की उरलेला टँकर त्या वाडीला न्या. त्यांनी घरातलं दिलंय, आमी ढोलातलं देऊ.” रिकाम्या घागरी घेऊन बसलेली एकही बाई नाही म्हणाली नाही. साहेबांनी मुकाट्याने किल्ली माझ्या हातात ठेवली.

दिवस मावळायच्या आत आम्ही वाडीत परत. रस्त्यालाच सगळ्या घागरी मांडलेल्या. अक्काच्या घागरीवर माझा फलक ताणून बांधलेला, वर ‘नवं पाणी’ एवढीच अक्षरं दिसत होती. मी मोठ्या रुबाबात नळाला हात घातला.

“थांबा,” अक्का म्हणाली.

ती ट्रकच्या पुढे गेली. चालू इंजिनासमोर पदराचं टोक धरलं. ते आत ओढलं जातंय हे बघितलं, मान हलवली, आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वारं जाऊन राहिलंय. सोडा पानी.”

त्या दुष्काळात टँकर वाडीला बऱ्याच वेळा गेला. इंजिन मी तपासायचो, तेलपाणी मी बघायचो. पण अक्काने पदर धरून पास केल्याशिवाय गफ्फारभाईने माझ्या शब्दावर गाडी एकदाही हलवली नाही.